सतरा : आबांच्या गळ्यावरची रेघ

सुगंधा आली की धुरींच्या घरात कुणी खोकत नसे. ठसका लागलाच तर माणूस मागीलदारी पळायचा, माडाच्या आडोशाला उभा राहून काय तो खोकून घ्यायचा आणि तोंड पुसून परत यायचा. तिच्यासमोर गळ्याला हात लावणं नाही, पोटात दुखतं म्हणणं नाही, वजन उतरलं म्हणणं तर नाहीच. इतर घरांत डॉक्टर नातेवाईक आला की त्याच्यापुढे जिभा बाहेर काढायची चढाओढ लागते. पण सुगंधा पडली कॅन्सरची डॉक्टर, त्यातही किरणांचा शेक देणारी. तिच्या कानावर दुखणं घातलं की ते नेमकं तेच निघतं, अशी या घराची पक्की समजूत. तीस वर्षांत तिने हजारो अनोळखी गळे तपासले होते, आणि सख्ख्या काकांचा आवाज आठ महिने बसलेला आहे ही गोष्ट तिला सगळ्यांत शेवटी कळली.

तीही चुकून. फोन केला की दाजींचा मुलगा सिद्धेश उचलायचा. दाजी बागेत गेलेत, दाजी देवळात आसत. गणपतीत ती घरी आली तेव्हा दाजींनी तीन दिवस मौन धरलं होतं. रवळनाथाच्या देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा माणूस मौन धरतो, यात तिला काही खटकलं नाही. उलट ती कौतुकाने त्यांच्या पाया पडली. मग दहा दिवसांपूर्वी सावंतवाडीला एका साखरपुड्यात, हॉलच्या मागच्या बाजूला, दाजींनी गाडीवाल्याला हाक मारली. हाक कसली, नुसता वारा होता तो. सुगंधाच्या हातातली ताटली तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना गाडीत घालून गोव्याला आपल्या हॉस्पिटलात नेलं. दुर्बीण झाली, तुकडा तपासायला गेला आणि परवा रिपोर्ट आला.

आज तो रिपोर्ट पर्समध्ये घेऊन ती दाजींच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात बसली होती. खळं नुकतंच सारवलं होतं, वर माडाच्या झापांचा नवा मांडव होता, आणि सकाळचे दहा वाजले तरी कार्तिकातला गारवा अजून जमिनीतून वर येत होता. दाजी प्लास्टिकच्या खुर्चीत, चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ताठ. राधाकाकी उंबऱ्यावर. सिद्धेश तोंडवलीच्या किनाऱ्यावरची आपली पर्यटकांची खोली कुणाच्या तरी गळ्यात टाकून आलेला, त्यामुळे त्याचं निम्मं लक्ष फोनमध्ये. आणि खांबाला टेकून सुशांत, खालच्या घरातला चुलतभाऊ, सावंतवाडीला शाळेत मास्तर. त्याला सुगंधानेच बोलावलं होतं. त्याला बघितल्यापासून सिद्धेशचं तोंड जे वाकडं झालं होतं ते सरळ व्हायचं नाव घेत नव्हतं.

"ह्येका कित्याक बोलवलंस?" त्याने विचारून घेतलंच.

"लागतलो म्हणान," सुगंधा म्हणाली.

दाजींनी हाताने खूण केली. बोल.

हॉस्पिटलात ती हे रोज सांगत असे. तिथली खुर्ची ठरलेली, टेबलावरचा टिश्यूंचा डबा ठरलेला, किती बोलायचं आणि कुठे थांबायचं तेही ठरलेलं. इथे मालवणीत सांगायचं होतं, आणि मालवणीत तिने हा शब्द आजवर कधी उच्चारला नव्हता.

"दाजी, कॅन्सर आसा," ती म्हणाली. "बारीक आसा, तांदळाच्या दाण्याएवढो. आवाजाच्या दोन पट्टये आसतत घशात. डावी चांगली आसा. उजवेर गाठ आसा, पण ती पट्टी अजून हलता. हलता तोवर आपल्या हातात आसा. सोळा दिवस शेक घेवचो, फकस्त त्या एका पट्टीक. शंभरातले नव्वद लोक बरे होतत, आणि आवाज परत येता."

"आणि नाय घेतलो तर?" सुशांतने विचारलं.

"पट्टी अडाकतली. मगे आवाजाची पेटीच काढूची लागतली. नायतर आबांक दिलो तसो मोठो शेक."

"आबाचा नाव काढू नको," काकी उंबऱ्यावरून म्हणाली.

सिद्धेशने फोन खिशात टाकला. "शेक घेवया ना. कोण नको म्हणता? जत्रेनंतर घेवया. पाच आठवडे तर रवले. जत्रा झाली काय दुसऱ्याच दिवशी मी स्वता घेवन येतंय तेंका."

"पाच आठवडे हे, आणि आदीचे आठ म्हयने," सुगंधा म्हणाली. "आणि एक आजच सांगान ठेवतंय. शेक सुरू झालो काय आवाज पयलो अजून बसतलो. दोन म्हयने तरी. आता सुरू केलो तर ह्या जत्रेक दाजी गाराणा घालूक शकाचे नाय."

खरी गोष्ट ती होती. कॅन्सर दुसऱ्या नंबरावर होता. गाऱ्हाण्याचा मान चार पिढ्या वरच्या घरात, म्हणजे या घरात होता. जत्रेच्या दिवशी देवासमोरच्या पाषाणावर उभं राहून सगळ्या गावाचं सुखदुःख एका दमात देवाच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला अख्ख्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. बाप हयात असताना मुलाने पाषाणावर चढायचं नाही, हा रिवाज. म्हणजे सिद्धेश बाद. आणि एकदा का दुसऱ्या घरचा माणूस पाषाणावर चढला की मान त्या घरचा झाला, हाही रिवाज. दाजींच्या आधी तो थोरल्या भावाकडे, आबांकडे होता; आबांचा गळा गेला तेव्हा पाठचा भाऊ दाजी होता म्हणून मान घरात राहिला. आता दाजींच्या पाठी सुशांत, म्हणजे खालचं घर.

"आणि कौल?" सिद्धेश म्हणाला. "देवान उजवो कौल दिलोहा. तो मोडूचो?"

"कसलो कौल?" सुगंधाने विचारलं.

सिद्धेशने आईकडे बघितलं. काकीने पदर सारखा केला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गणपतीच्या आधीच दाजींना कुडाळला एका डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने दुर्बीण घालून सांगितलं होतं की गाठ दिसते, मोठ्या ठिकाणी दाखवा. घरी येऊन तिघांनी विचार केला आणि देवाला विचारायचं ठरवलं. पण देवाला विचारायचं म्हणजे देवळात विचारायचं, चारचौघांत, गुरवाच्या तोंडून. तिथे गाठ म्हटलं की संध्याकाळपर्यंत खालच्या घरात पोचणार. म्हणून गुरवाला सांगितलं, दाजींचा घसा बसलाय, औषधपाणी जत्रेनंतर केलं तर चालेल काय? मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली. उजवी म्हणजे होकार.

सुगंधाला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं आणि तिला फार वाईट वाटलं. गाठ आहे हे यांना गणपतीच्या आधीपासून ठाऊक होतं. तिच्यापासून लपवलं ते एकवेळ समजण्यासारखं होतं, तिच्यापासून तर सर्दीही लपवत. पण यांनी ते देवापासूनही लपवलं होतं.

"म्हणजे देवाक सांगलास की घसो बसलोहा," ती म्हणाली. "देवान सांगल्यान, बसलेल्या घशाक थांबलास तरी चलात. तेचा काय चुकला? मी असतंय तर माझोय उजवोच कौल पडलो असतो."

सुशांत हसला.

"तुका हसाक काय झाला?" सिद्धेश त्याच्यावर उसळला. "ह्याच आयकूक इलंस ना? कदी दाजींचो आवाज जाता आणि कदी मी पाषाणार चढतंय!"

"सिद्धेशा, मी आपणहून येवक नाय. माका बोलवल्यानी," सुशांत शांतपणे म्हणाला. मास्तर माणूस, वर्गात असल्या आवाजांची सवय असणार. "पण गरज लागली तर ह्या वरसाचा गाराणा मी घालतलंय. ता मात्र मी सांगान ठेवतंय."

"बगलास? बगलास, दाजी?"

दाजी कुणाकडेच बघत नव्हते. ते गळ्यावरून हात फिरवत होते.

"माका कौलाचा काय पडूक नाय," काकी अचानक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण सगळे वळले. "माका शेकाचा भय आसा. तुमी सगळी तेवा ल्हान होतास. सुगंधा मुंबैक. आबाक जेवण मी वाढी होतंय, नऊ वरसा. मुंबैच्या त्या डॉक्टरान कानापासून गळपट्टीपर्यंत रेघो मारून जाळल्यान तेका. रोग गेलो, खरा. पण तोंडात लाळ नाय. भाताच्या घासागणिक पाणी. पाण्याचो तांब्यो घेवन निजा होतो. उकडे तांदळाची पेज, तीय घोटूक होयना. कसो गाराणा घाली होतो तो! आणि मगे देवळात भायरच्या पायरेर बसान रवी." तिने डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "मी तेवापासून म्हणतंय. ज्या हातान ती रेघ मारल्यान, तो हात झडान जावो."

हे वाक्य सुगंधाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. सुट्टीला घरी आली होती, पानावर बसली होती, आणि समोर आबा भातावर पाणी ओतत होते. काकी वाढता वाढता म्हणाली होती. नंतर प्रत्येक सुट्टीला म्हणाली. सुगंधा दर वेळी मान खाली घालून जेवली होती. आज मात्र तिच्या तोंडात घास नव्हता, आणि दाजींच्या घशातली पट्टी अजून हलत होती.

तिने उजवा हात पुढे केला.

"काकी, तो हात ह्यो आसा."

काकीला कळलं नाही.

"रेघ मी मारलंय," सुगंधा म्हणाली. "मी पयल्या वर्साक होतंय. आबा माझ्याच हॉस्पिटलात दाखल. मोठे सर म्हणाले, मार्किंग तू कर. काडयेक कापूस गुंडाळून जांभळी शाई लावलंय आणि दोनय बाजून मारलंय. कानाच्या खालून हाडापर्यंत. गाठ मोठी होती तेंची, आणि तेवा कोबाल्टच्या मशीनीर तशीच मारीत. चूक नव्हती ती. पण हात माझो होतो."

सिद्धेश उठून उभा राहिला. "आणि आता दाजींचो गळो तुझ्याच हातात देवचो?"

 काकी उठली आणि आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, मग नळ सोडल्याचा, मग काहीच नाही. सुगंधाने पुढे केलेला हात मांडीवर परत घेतला. बत्तीस वर्षं वागवलेली गोष्ट बाहेर पडली की हलकं वाटतं असं लोक म्हणतात; तिला तसं काहीएक वाटलं नाही. आपण दाजींना घालवून बसलो असं तिला वाटलं.

तेव्हा दाजी बोलले. मघापासून पहिल्यांदाच. घोगरा श्वास आणि त्यात अडकलेली अक्षरं, ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"किती मोठी होती रेघ? आणि माझी किती?"

सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, असं तिला वाटलं. ती न्हाणीघराकडे गेली, पाण्याच्या चुलीतला विझलेला कोळसा घेऊन आली, आणि रिपोर्टच्या मोठ्या पाकिटाची कोरी बाजू वर करून ते जमिनीवर ठेवलं. आधी आबांची आकृती काढली, जबड्याचा वाक, मानेचा उतार, खाली हाड. पाकीट जवळजवळ भरून गेलं. मग कोपऱ्यात राहिलेल्या जागेत दाजींची काढली. कोळशाचं टोक त्यासाठी जाड पडत होतं, म्हणून तिने ते जमिनीवर घासून बारीक केलं. तांदळाचा एक दाणा, भोवती दोन-तीन मिलिमीटरची कड. बस्स.

"ह्या एवढाच?" सुशांतने विचारलं.

"एवढाच. लाळेच्या ग्रंथी हंय, तेंका शेक लागना नाय. डावी पट्टी हंय, तिका नावापुरतो. दाजींनी फकस्त तितक्या वेळ गिळूचा नाय, हलाचा नाय. ता तेंका जमतला. एका दमात गाराणा घालणारे ते."

तिच्या आयुष्यातली मधली सगळी वर्षं त्या दोन आकृत्यांच्या मधल्या कोऱ्या कागदात होती. कोबाल्ट गेलं, नवी यंत्रं आली, शाईच्या जागी मान हलू नये म्हणून घालायचे मुखवटे आले, मग रोज शेकाआधी फोटो काढून जागा ताडून बघणं आलं. प्रत्येक वेळी नवीन काही आलं की बाकीचे डॉक्टर विचारायचे, याने किती पेशंट वाढवता येतील. सुगंधा विचारायची, याने रेघ किती आत घेता येईल. मीटिंगांत तिला यावरून चिडवत. एकदा एका तरुण डॉक्टरने तिच्या वाढदिवसाच्या केकवर आइसिंगचा एकच थेंब काढून आणला होता, मॅडमच्या हिशोबाने एवढा पुरे म्हणून. ती हसली होती. तिने कधी कुणाला सांगितलं नाही की पहिली रेघ केवढी होती.

 दाजींनी वाकून बोटाने तो तांदळाचा दाणा चाचपला. बोटाला काळं लागलं.

"कौल परत घेवया," ते म्हणाले.

"दाजी, एकदा इचारलेला परत इचारीत नाय," सिद्धेश म्हणाला.

"इचारलंव खंय? अर्धा इचारलंव." दाजींना दम लागत होता, पण ते थांबले नाहीत. "इचारणारो गुरव, इचारूक लावणारो तू, आणि गाठ म्हायत आसान गप रवणारो मी. तीस वरसा मी लोकांक सांगतंय, देवाकडे आडपडदो नको. आणि माझी पाळी इली तेवा…" खोकला आला. सुगंधासमोर या घरात कित्येक वर्षांनी कुणीतरी खोकलं. ते मनसोक्त खोकले आणि मग म्हणाले, "आज तिनाक देवळात. मी घालतंय गाराणा."

काकी चहा घेऊन बाहेर आली. आधी दाजींना दिला, मग सुशांतला, मग सिद्धेशला. सुगंधाचा कप शेवटी आला, पण खाली न ठेवता तिने तो तिच्या उजव्या हातात दिला आणि कप पकडलाय याची खात्री होईपर्यंत सोडला नाही.

देवळात तीन वाजता पंचवीस-तीस माणसं होती. बोलावलं चार जणांना होतं, पण दाजी अवेळी गाऱ्हाणं घालतायत म्हटल्यावर कोण घरी बसतो? सभामंडपात गारवा होता. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या आणि बाजूला झाला. दाजी धोतर सावरून पाषाणावर चढले. सुगंधा बायकांमध्ये मागे, खांबापाशी उभी होती. आबा गेल्यापासून ती देवळात आली की इथेच उभी राहायची आणि होकारात सामील न होता नुसती ऐकायची.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," दाजी म्हणाले.

पुढच्या ओळीतल्यांनाच ते ऐकू गेलं. "व्हय म्हाराजा," ते म्हणाले, आणि मागचे त्यांच्या मागून.

"गणपतीआदी तुका एक गोष्ट इचारली. ती अर्धी इचारली. माणसांच्या भयान तुझ्यासून लपयली. ती चूक पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता लोक एकमेकांकडे बघू लागले.

"माझ्या गळ्यात…" दाजींनी श्वास घेतला. "माझ्या गळ्यात गाठ…"

पुढे काही आलं नाही. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, पण आवाज नव्हता. त्यांनी परत श्वास घेतला, परत प्रयत्न केला. सभामंडपात तीस माणसं होती आणि कुणी हललं नाही. सुगंधाला पुढे धावून त्यांना खाली उतरवावंसं वाटलं. तिला त्या क्षणी डॉक्टरकी आठवली नाही, फक्त बाहेरच्या पायरीवर बसलेले आबा आठवले. सिद्धेश रडत होता. चाळीशीचा माणूस, तोंडावर हात धरून.

सुशांत पुढे झाला. सिद्धेशचा हात खाली आला आणि तो बघतच राहिला, कारण सुशांत पाषाणावर चढला नाही. तो पाषाणाच्या डाव्या बाजूला, एक पाऊल खाली, साध्या फरशीवर उभा राहिला. दाजींचं राहिलेलं वाक्य त्याने जिथे तुटलं तिथूनच उचललं.

"गाठ आसा म्हाराजा! ती खरी आसा, आणि तिचा नाव कॅन्सर आसा!"

गावाचा होकार क्षणभर अडखळला, आणि मग मोठ्याने आला. "व्हय म्हाराजा!"

"सोळा दिवस तुझो मानकरी शेक घेवक जाता. आमच्याच घरचा चेडू तो शेक देता. तिच्या हाताक येश दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जत्रेचा गाराणा मी घालतलंय. पण हंय खाली उबो रवान. पाषाणार पाय ठेवचंय नाय. तो जेचो आसा तेचो आसा. पुढल्या जत्रेक तेका चांगल्या आवाजान परत तेच्या जाग्यार उबो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचा होकार संपल्यावर आणखी एक आला, एकटाच, बायकांमधून, उशिरा. चार-पाच डोकी मागे वळली. सुगंधाला लाज वाटली, पण तिने तो परत घेतला नाही.

गुरव पाकळ्यांकडे बघत ताटकळला होता. "पण प्रश्न काय तो?" त्याने हळूच विचारलं. "उजवो पडलो तर काय समजाचा?"

दाजी पाषाणावरून खाली उतरले. सिद्धेशने पुढे होऊन त्यांचा एक हात धरला, आणि थोडा घुटमळून दुसरा सुशांतला धरू दिला. "प्रश्न नाय," दाजी गुरवाला म्हणाले. "मागूचा होता ता आमी इचारीत बसललंव. आज मागलंव. पाकळ्ये काढ."

बाहेर आल्यावर लोकांनी दाजींना घेरलं. जो तो आपापल्या ओळखीतल्या गाठींबद्दल सांगू लागला. आजवर सुगंधासमोर तोंड मिटून बसलेलं गाव एकाएकी बोलतं झालं. एका म्हातारीने तर तिथेच पायरीवर तिला मानेची गाठ दाखवली, जी चरबीची निघाली. काकी तिच्या शेजारी उभी राहून म्हातारीला म्हणत होती, "दाखव, दाखव, घरचीच आसा." या सगळ्यातून गाडीपर्यंत पोचायला सुगंधाला पाऊण तास लागला. दाजी तिला सोडायला आले.

"सोमवारी या," ती म्हणाली. "माझ्याबरोबर डॉक्टर अक्षया आसा, हुशार आसा. ती तुमका बगतली. घरच्या माणसाची रेघ आपण मारूची नाय, असो माझो नेम आसा."

"कदीपासून?"

"आबांपासून."

दाजींनी मान हलवली. मग तिला जवळ येण्याची खूण केली, कारण आता त्यांच्याकडे फार आवाज उरला नव्हता. ती कान जवळ घेऊन उभी राहिली.

"माका म्हायत होता," ते म्हणाले. "मी तेच्यावांगडा मुंबैक होतंय नाय? रेघ मारून झाल्यार आबा भायर इलो. गळो सगळो जांभळो. माका म्हणालो, दाजी, सुगंधान मारल्यान. चेडवाचो हात जराय हललो नाय." ते दम घ्यायला थांबले. "मरापर्यंत ता सांगी होतो माका. पाणी पिता पिता सांगी होतो. हात हललो नाय."

 सुगंधा म्हणाली, "मगे काकीक कित्याक नाय सांगलास? तिना इतकी वरसा त्या हाताक…"

"आबानच सांगललो, बोला नको म्हणान. चेडू शिकता, शिकांदे. आणि राधा डॉक्टराक शिव्ये घाली. तुका घालण्यापरीस ता बरा नाय?"

ती रडता रडता हसली.

"माझी रेघ तू मार," दाजी म्हणाले. "त्या अक्षयाक तपासूक सांग होया तर. पण मारूची तू."

"आता गळ्यार मारनत नाय, दाजी. कॉम्प्युटरार मारतत. गळ्याचे ऐंशी फोटो, दरएकार एक."

"मगे ऐंशी मार."

ती गाडीत बसली. किल्ली लावायला गेली तर ती खाचेच्या बाजूला लागली. परत लावली, परत हुकली. तिने हात मांडीवर ठेवला, उघडला, मिटला. खिडकीशी दाजी वाकून सगळं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी खट्याळपणा आला होता.

"हंय हललो तर चलात," ते म्हणाले. "थंय नको."